साठ बाटल्यांची वीज

आमचे हे सोलापूर स्टेशनात तारमास्तर होते. दिवसाचे आठ तास तारा घ्यायच्या नि पाठवायच्या, आणि घरी आल्यावर पुन्हा तेच. फरक इतकाच की घरी तार नव्हती, बिनतारी यंत्र होतं. ते त्यांनी स्वतः फळीवर जुळवलं होतं, आणि ते चालवायचं सरकारी लायसन्स काचेच्या चौकटीत घालून देवांच्या तसबिरींशेजारी लावलं होतं. लोकांच्या घरी नवरे पत्ते खेळत, भजनाला जात. आमच्या घरचा नवरा कानाला भोंगे लावून खाली मान घालून बसे आणि बोटाने टकटक करी. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण त्या यंत्राचं जे जड, ओलं, घाण काम होतं ते माझ्याकडे आलं, आणि ते कधी आलं हे मला कळलंसुद्धा नाही.

भवानी पेठेत आम्ही दोन खोल्यांत राहायचो. भिंतीपलीकडे तेलुगू विणकरांचं घर होतं. त्यांचे माग सकाळपासून खटखटत असत, त्यामुळे आमच्या टकटकीची तक्रार कुणी केली नाही. त्या घरातल्या बाईंना मी आक्का म्हणायची. त्या माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. माझी मुलगी दीड वर्षाची होती आणि ती दिवसाचा अर्धा वेळ त्यांच्याच मांडीवर असायची.

गावात वीज आली तेव्हा यांना कोण आनंद झाला. यंत्र विजेवर चालू लागलं आणि दूरदूरची माणसं उत्तर देऊ लागली. त्यांतला एक रोजचा झाला. तो म्हैसूरकडच्या डोंगरात, कॉफीच्या मळ्यावर राहणारा एक म्हातारा साहेब. एकटाच असावा. रोज सकाळी सहाला दोघांचं बोलणं ठरलेलं असे. बोलणं म्हणजे काय, तर पाऊस, हवा, कुत्र्याचं आजारपण, यंत्राच्या खोड्या. पण यांना ते लागे. सहाची वेळ चुकली की त्यांचा दिवस चुकला.

आणि ती चुकायला लागली, कारण विजेचा काही नेम नव्हता. पहाटे दिवा लाल पडायचा, मग विझायचा, आणि सात वाजता कधीतरी परत यायचा. तेव्हा यांनी ठरवलं की आपली वीज आपण साठवून ठेवायची. गावची वीज गेली की खटका दुसऱ्या बाजूला टाकायचा, की यंत्र चालू.

मला वाटलं, बाजारातून एखादी बॅटरी आणतील. मोटारीची एक मोठी बॅटरी आणली खरी, पण ती यंत्रातले काचेचे दिवे तापवण्यापुरतीच. हवेत लाटा सोडायला जोरकस वीज लागते, ती तिच्यात नसते, असं त्यांनी मला समजावलं. ती आपण घरी करायची. एका बाटलीत दोन व्होल्ट. अशा साठ बाटल्या ओळीने जोडायच्या.

"साठ?" मी म्हटलं.

"सोपं आहे. औषधाच्या रुंद तोंडाच्या बाटल्या. तू दवाखान्यात विचार, मी शाळेत विचारतो."

दोन महिने मी बाटल्या गोळा करत होते. डॉक्टरांकडून, वैद्यांकडून, ओळखीच्या घरांतून. लोकांना वाटायचं, आमच्याकडे कुणीतरी फार आजारी आहे. मग यांनी शिशाचा पत्रा आणला. त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या मी कात्रीने कापल्या. कापून कापून अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडला. पट्टी मधोमध वाकवायची, एक पाय या बाटलीत, दुसरा पाय पुढच्या बाटलीत. दहा-दहा बाटल्यांच्या सहा फळ्या. त्या मागच्या खोलीत, मुलीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर मांडल्या. मग तेजाब. "पाण्यात तेजाब घालायचं, तेजाबात पाणी कधीच नाही," हे त्यांनी माझ्याकडून पाढ्यासारखं वदवून घेतलं. नुसत्या पट्ट्यांत वीज राहत नाही, म्हणून महिनाभर त्यांना उलटसुलट वीज पाजत बसलो. शेवटी एक दिवस सगळी ओळ जोडली, खटका टाकला आणि यंत्र बोललं. यांचे डोळे भरून आले होते. मी फरशीवर सांडलेलं पुसत होते.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला शेवट नव्हता. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे उघड्यावरचं पाणी बघता बघता आटतं. दर चार दिवसांनी साठ बाटल्यांची पातळी बघायची आणि काचेच्या नळीने थेंबथेंब पाणी घालायचं. तेही आडाचं नाही, वाफेचं. पातेल्यावर उलटं झाकण ठेवून, त्यावर गार फडकं टाकून, झाकणाच्या मुठीवरून खाली वाटीत पडणारे थेंब धरायचे. तासभर चूल पेटवली तर तांब्याभर पाणी मिळे. पट्ट्यांच्या टोकांवर हिरवी-पांढरी बुरशी चढे ती पुसायची आणि व्हॅसलीन लावायचं. हातावर शिंतोडा उडाला की पापडखाराच्या पाण्यात हात बुडवायचा. माझ्या एकूण एक लुगड्याला मांडीपाशी भोकं होती. माहेरी वैरागला गेले की आई लुगडं बघून विचारायची, "सासरी उंदीर लई झालेत का गं?"

हे कामावर जायचे, त्यांना वेळ कुठला. मीच सगळं करायची. खटके कुठले, तारा कुठल्या, कोणती बाटली दगा देते, हे मला त्यांच्याइतकंच माहीत झालं. मेलेली बाटली ओळखायची युक्तीही मलाच सापडली. टॉर्चचा छोटा दिवा दोन तारांना बांधायचा आणि बाटलीच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांना टेकवायचा. पेटला तर जिवंत. नाही पेटला तर त्या बाटलीला बगल देऊन वरून जाड तार टाकायची, म्हणजे बाकीची ओळ तुटत नाही. मी हे सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "बरोबर आहे." तेवढंच. मला त्याहून जास्त काही हवं होतं का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या वेळी मला झोप हवी होती.

एका चैत्रात यांना ताप आला. आधी वाटलं उन्हाचा आहे. आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप, एकवीस दिवसांचा. अंथरुणातून हलवायचं नाही, पातळ पेजेशिवाय काही द्यायचं नाही. मुलीला मी वैरागला धाडून दिलं. दीर-जावा लांब, नागपूरकडे. घरात मी आणि हे, आणि मागच्या खोलीत त्या साठ बाटल्या.

दहाव्या दिवशी ताप डोक्यात गेला. हे बडबडू लागले. उशाच्या कडेवर बोट आपटत राहायचे, टक, टक-टक, टक. मध्येच डोळे उघडून विचारायचे, "सहा वाजले का?"

"नाही अजून."

"तो थांबलाय. मला उठव."

उठायला बघायचे. मी आणि आक्का दोघी मिळून त्यांना खाली दाबून धरायचो. डॉक्टर म्हणाले, "हे असं चाललं तर आतडं फाटेल. काही करून यांना शांत ठेवा." म्हणजे काय करू, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्याच दुपारी वळवाचं वादळ झालं. पत्रे उडाले, विजेचे खांब पडले, पेठ अंधारली. आमच्या छपरावरचा बांबू वाकला, पण त्याला ताणलेली तार टिकली. वीज आठ-दहा दिवस येणार नाही असं लोक म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. "सहा वाजले का?" आणि उठायची धडपड. मी दमले होते. किती दमले होते ते सांगायला शब्द नाहीत, अकरा दिवस मी पाठ टेकली नव्हती. मला त्या म्हाताऱ्या साहेबाचा राग आला, त्या यंत्राचा आला, यांचासुद्धा आला. मी उठले, मागच्या खोलीत गेले आणि खटका बाटल्यांकडे टाकला. यंत्रातले दिवे तांबूस झाले, पण भोंग्यांत आवाजच नाही. अकरा दिवसांत मी बाटल्यांकडे बघितलंच नव्हतं. टॉर्चचा दिवा घेऊन एकेक तपासली. सात मेलेल्या. सातांना बगल दिली आणि पुन्हा खटका टाकला. भोंग्यांत खरखर सुरू झाली.

मराठी सात यत्ता आणि इंग्रजीची दोन पुस्तकं एवढं माझं शिक्षण. टकटकीच्या खुणांचा तक्ता भिंतीवर होता. मी पाटी घेतली, यांच्या यंत्राची ओळख सांगणारी ठरलेली अक्षरं लिहिली, त्यापुढे "इल" लिहिलं, "फीव्हर" लिहिलं. प्रत्येक अक्षराखाली ठिपके नि रेघा काढल्या. मग खुर्चीत बसले आणि पाटीत बघून एकेक दाबत गेले. एवढं पाठवायला मला पाच मिनिटं लागली असतील.

बाहेरच्या खोलीत एकदम शांतता झाली. मी घाबरून धावत गेले. हे डोळे मिटून पडले होते. कान माझ्या दिशेला. बोट थांबलं होतं. टकटक ऐकून त्यांना वाटलं असावं की सहाचं काम चाललंय. ते झोपले. मीही तिथेच जमिनीवर बसले आणि भिंतीला डोकं टेकलं.

मग आठवलं, समोरचा उत्तर देत असेल. परत गेले, कानाला भोंगे लावले. तो देत होता, पण इतका भराभर की माझ्या हाती काही लागेना. मी नुसतंच टकटक टकटक केलं, काहीही. तो थांबला. मग सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं, एकेक अक्षर सोडू लागला. तीनदा सोडल्यावर मला तीन अक्षरं मिळाली. "हू?"

हात यांचा नाही, हे त्याने ओळखलं होतं. तार देणाऱ्याचा हात अक्षरासारखा असतो, ओळखू येतो, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी घाबरले. लायसन्स माझ्या नावाचं नव्हतं. मी यंत्र बंद करायला हवं होतं. पण मी तक्त्यात बघून "वाइफ" एवढं पाठवलं.

मग आलं, "टुमारो. सिक्स. स्लो."

असं रोज सुरू झालं. सकाळी सहाला मी बसायची. तो विचारायचा, "फीव्हर?" मी आकडा पाठवायची, एकशे तीन, एकशे चार. आकड्यांच्या रेघा फार लांब असतात, मनगट भरून येई. तो सांगायचा, पाणी उकळून दे. सातूचं पाणी दे. एक दिवस त्याने विचारलं, "यू स्लीप?" तू झोपतेस का. मला ते शब्द जुळवायला वेळ लागला. जुळल्यावर मी उत्तर दिलं नाही. अकरा-बारा दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं, आक्कांखेरीज, आणि आक्का तर विचारायच्या नाहीत, सरळ दरडावायच्या. "तू पड गं जरा, मी बसते की हितं. पड म्हंते ना."

बाहेरच्या खोलीत हे ती टकटक ऐकत पडून राहायचे. तेवढा वेळ पाय झाडायचे नाहीत.

सतराव्या दिवशी मोटारीची बॅटरी संपली. यंत्रातला दिवा तांबूससुद्धा होईना. बाटल्यांत जीव होता, पण दिवा तापल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही. गावात वीज एकाच जागी होती, गिरणीत. तिथे त्यांचा स्वतःचा डायनामो होता.

ती बॅटरी मी एकटी जेमतेम उचलू शकायची. आक्का म्हणाल्या, "चुंबळ कर. मी घेते डोक्यावर."

"सांडलं तर भाजाल तुम्ही."

"मग दोघी धरू."

शेवटी मागाचं एक लाकूड आणलं, त्याला दोरी बांधून बॅटरी मध्ये लटकवली आणि दोघींनी खांद्यावर घेतली. आक्कांचा नवरा यांच्यापाशी बसला. सकाळचं ऊन तेव्हाच चटके देत होतं. पेठेतून गिरणीपर्यंत किती वेळा खाली ठेवली याची मोजदाद नाही. लोक थांबून बघत होते. दोन बाया खांद्यावर काय नेतायत, कुणी विचारलं, आक्का तेलुगूत काहीतरी खेकसल्या, मग कुणी विचारलं नाही.

गिरणीच्या दारावरचा माणूस आत सोडेना. शेवटी त्याने डायनामोघराच्या मिस्त्रींना बोलावलं. मुसलमान गृहस्थ होते, पांढरी दाढी, हातभर तेल माखलेले. त्यांनी बॅटरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मास्तरांची ना ये? वो तारवाले?"

"व्हय," आक्का म्हणाल्या. "ते आजारी हायेत. ही त्यांची बायको."

"और ये बैटरी किसको होना? मास्तर बीमार है तो?"

मी म्हटलं, "ते टकटक ऐकली की शांत पडतात. नाहीतर उठायला बघतात."

मिस्त्रींनी वाकून बॅटरीची झाकणं उघडली, आत बघितलं. "पानी बराबर है. कोण देखता पानी?"

"मी."

"अच्छा देखा," ते म्हणाले. "शाम को लेके जाव. नहीं, तुम मत आव. मैं गाड़ी पे भेजता."

संध्याकाळी गिरणीच्या हातगाडीवर बॅटरी आली. त्यानंतर वीज येईपर्यंत दर दोन दिवसांनी गाडी येऊन बॅटरी नेई आणि परत आणून देई. मी मागायला गेले नाही.

बाविसाव्या दिवशी ताप उतरला. घाम फुटून अंथरूण भिजलं, आणि सकाळी यांनी मला माझ्या नावाने हाक मारली. एरवी ते कधी मारत नसत. पेज मागितली. आठ दिवसांनी उशीला टेकून बसू लागले तेव्हा मी सगळं सांगितलं. ऐकताना ते भिंतीवरच्या लायसन्सकडे बघत होते.

"किती बाटल्या गेल्या?" त्यांनी विचारलं.

"सात. मग अजून दोन."

"हूं." मग म्हणाले, "हे बाहेर कुणाला बोलू नकोस. परवानगी मला एकट्याला आहे. कळलं तर काढून घेतील."

मी मागच्या खोलीत मोरीपाशी गेले. रडले नाही, पण हातातलं भांडं बराच वेळ तसंच घासत राहिले. त्यांचं खोटं नव्हतं. खरोखरच काढून घेतलं असतं. पण माणसाने आधी दुसरं काहीतरी बोलावं.

ते पुन्हा यंत्रापाशी बसू लागले तेव्हा आषाढ लागला होता. पहिल्या सकाळी बराच वेळ टकटक चालली. मी चुलीपाशी होते, आणि आता मला त्यातलं बरंच कळत होतं. समोरच्याने त्यांना विचारलं, तब्येत कशी. यांनी सांगितलं. मग त्याने विचारलं ते मी अक्षर न् अक्षर ऐकलं, कानाचे भोंगे काढून यांनी घरभर ऐकू येईल असा मोठा भोंगा जोडला होता. दुसरा हात कुठाय?

हे थांबले. मग मागे वळून न बघता म्हणाले, "तुला विचारतोय."

"ऐकलं मी."

"येतेस?"

मी म्हटलं, "भाकरी तव्यावर आहे." आणि ती होतीच. पण नसती तरी मी गेले नसते असं वाटतं. मला कशाचा मान नको होता. मला त्या बाटल्या नको होत्या.

ते यांना कळलं असावं. पुढच्या रविवारी त्यांनी सकाळी वाफेचं पाणी स्वतः केलं. अर्धं सांडलं, झाकण भाजलं, पण केलं. साठ बाटल्यांत, म्हणजे उरलेल्या एक्कावन्न बाटल्यांत, पाणी घालायला त्यांना सगळी दुपार लागली. संध्याकाळी कंबर धरून उठले आणि म्हणाले, "हे तू दर चार दिवसांनी करायचीस?"

"हो."

"किती वर्षं?"

"तीन झाली असतील."

पुढे ते काम आम्ही वाटून घेतलं. वाटून म्हणजे दोन वेळा मी, एक वेळ ते. अंगवळणी पडलेल्या थकव्यात तेवढा फरकही कळतो.

मग लढाई सुरू झाली. हुकूम आला की खाजगी बिनतारी यंत्रं बंद, सगळी जमा करायची. दोन माणसं आली, यंत्र, भोंगे, तक्तासुद्धा घेऊन गेली आणि पावती दिली. चौकटीतलं लायसन्सही त्यांनी काढून नेलं. बाटल्यांना हात लावला नाही, त्या काय आहेत हे त्यांना कळलं नाही. यांनी शेवटच्या सकाळी मळ्यावरच्या साहेबाला सांगून ठेवलं होतं, की आता बोलणं नाही. त्याने आपला पत्ता दिला होता. आम्ही त्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली. एक यांनी इंग्रजीत लिहिलं. दुसरं मीच सांगितलं, यांनी लिहिलं. त्यात मी त्याला कळवलं की आता मी झोपते. उत्तर कुठल्याच पत्राचं आलं नाही. तो म्हातारा होता, एकटा होता. यांनी तिसरं लिहायला घेतलं होतं, पण ते अर्धंच राहिलं.